ब्रेकवरचे अनोळखी बोल्ट



धानाची रोवणी आटोपली, की आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या मोटरसायकली आजारी पडू लागतात. महिना-दीड महिना त्यांनी पऱ्ह्यांच्या जुड्या वाहिलेल्या असतात, युरियाची पोती वाहिलेली असतात, आणि बांधीच्या धुऱ्याशेजारच्या घोटाभर चिखलातून वाट काढलेली असते. तो चिखल चाकाच्या आत शिरतो आणि तिथेच वाळतो. मग पेडल दाबले, की आतून कोणीतरी तवा खरवडल्यासारखा आवाज ऐकू येतो. अशा वेळी घरातला जाणता मुलगा म्हणतो, "कायले जाचं मिस्त्रीकडे? आपनच पाहू न खोलून."

त्याचे म्हणणे मला मनापासून पटते. मी यंत्रशास्त्राचा माणूस नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. तरी गेली पंधरा-सोळा वर्षे माझ्या दुचाकीचे चाक मी अंगणातच काढतो. ज्या वस्तूवर आपण बायकामुलांना बसवून लाखनी-साकोलीच्या हमरस्त्यावर नेतो, तिचे पोट कसे आहे हे आपल्याला ठाऊक असावे, ह्यात गैर ते काय? अडचण येते ती निराळीच. पाना घेऊन बसावे, तर एखादा बोल्ट असा निघतो, की त्याला आपल्याकडचा कोणताच पाना बसत नाही. कुणाच्या डोक्यात षट्कोनी खड्डा, कुणाच्या डोक्यात चांदणी, कुणाच्या पोटातून आरपार गेलेली दुपायी पिन. मग पक्कड येते, छिन्नी येते, हातोडा येतो, आणि संध्याकाळपर्यंत त्या बोल्टचे डोके गोटीसारखे गुळगुळीत होऊन बसते.

माझे सांगणे असे, की ब्रेकवरचा बोल्ट वेगळा दिसत असेल, तर तो वेगळा असण्याला काही कारण असते. ते कारण कळल्यावाचून त्याला हात लावू नये, आणि त्याचा स्वतःचा पाना हाती आल्यावाचून जोर लावू नये. अर्धवट उघडलेला ब्रेक हा न उघडलेल्या ब्रेकपेक्षा वाईट.

आता पहिली गोष्ट. पुष्कळदा उघडण्याची गरजच नसते. ड्रमब्रेकच्या बहुतेक मोटरसायकलींत, चाकाच्या बाहेर जो लहानसा दांडा ब्रेकबरोबर हलतो, त्याच्या मुळाशी एक बाण असतो, आणि शेजारच्या ताटलीवर एक खूण कोरलेली असते. पेडल पूर्ण दाबून धरावे आणि दुसऱ्याला खाली वाकून पाहावयास सांगावे. बाण त्या खुणेशी जाऊन भिडला, तर आतले लायनर संपले. डिस्कब्रेक असेल, तर विजेरीच्या उजेडात पॅडवरची खाच पाहावी. खाच बुजली असेल तर पॅड बदलण्याची वेळ झाली. हे पाहण्याला एकही बोल्ट काढावा लागत नाही. कित्येकांना ह्या बाणाची माहिती नसते आणि ते उगाच चाक उतरवून बसतात.

पण चिखल काढावयाचा असेल, तर चाक उतरवावेच लागेल. गाडी मधल्या स्टँडवर, टणक जमिनीवर उभी करावी आणि किल्ली काढून खिशात टाकावी. मागच्या चाकाकडे आलात, की पहिला अनोळखी पाहुणा भेटतो तो म्हणजे स्प्लिट पिन. ब्रेकची ताटली चाकाबरोबर फिरू नये म्हणून एक लांब पट्टी तिला गाडीच्या सांगाड्याशी बांधून ठेवते. त्या पट्टीच्या बोल्टच्या टोकाला भोक असते, आणि त्यातून दोन पायांची ही पिन घालून तिचे पाय उलटे वळवलेले असतात. नट हादऱ्याने ढिला झाला, तरी पिन त्याला पडू देत नाही. आपल्या बैलबंडीच्या आसाला चाक निसटू नये म्हणून खीळ असते ना, तिचीच ही धाकटी बहीण म्हणा.

पिन काढताना पाय सरळ करावे आणि डोक्याकडून पकडीने ओढावी. एकदा काढलेली पिन पुन्हा घालू नये. वाकवलेले लोखंड सरळ करून पुन्हा वाकवले, की ते तिथेच तुटावयास येते. शाळेतल्या मुलानेही तार वाकवून-वाकवून तोडलेली असते, तेव्हा हे त्याला वेगळे सांगावयास नको. नवी पिन दोन-चार रुपयांना मिळते. तरीसुद्धा आपल्याकडे तिच्या जागी बांधणीची तार घालण्याची फार वाईट चाल आहे.

आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी दिवाळीनंतरच्या मोसमात झाडीपट्टीचे नाटक पाहून पहाटे परत येत होता. समोर रानडुक्कर आले म्हणून त्याने ब्रेक दाबला. त्याच्या गाडीचा टायर काही दिवसांपूर्वी एका दुकानात बदललेला होता, आणि त्या वेळी पिनेच्या जागी तार गुंडाळलेली होती. तार तुटली, नट गेला, पट्टी सुटली. पट्टी सुटली की ब्रेकची ताटली चाकाबरोबर फिरते, ब्रेकचा गज तिच्याभोवती वळतो, आणि चाक जागच्या जागी जाम होते. मुलाचे खांद्याचे हाड मोडले; जिवावरचे त्यावर निभावले. गाडी नंतर मी पाहिली. तो गज हरभऱ्याच्या घाट्यासारखा वाकलेला होता, आणि तारेचा तुकडा बोल्टच्या भोकात तसाच अडकलेला होता.

मुख्य आसाच्या नटाबद्दलही थोडे सांगतो. जुन्या गाड्यांत त्याला किल्ल्याच्या बुरुजासारख्या खाचा असत आणि त्यातून अशीच पिन जाई. नव्या गाड्यांत पुष्कळदा नटाच्या आत नायलॉनचे कडे असते. ते आट्यांना घट्ट धरून ठेवते. असा नट शेवटपर्यंत पान्यानेच फिरला पाहिजे. तो बोटांनी भराभर फिरू लागला, तर त्याचे कडे झिजले असे समजावे आणि नट बदलावा.

आता फुलीच्या स्क्रूकडे वळू. ह्या विषयात माझा जीव थोडा अधिक गुंतला आहे, म्हणून दोन मिनिटे जास्त घेतो. डिस्कब्रेकच्या मोटरसायकलीवर, हँडलपाशी ब्रेक ऑइलची छोटी डबी असते. तिच्या झाकणावर दोन लहान स्क्रू असतात, त्यांच्या डोक्यांवर फुली. ह्या दोन स्क्रूंनी जेवढ्या लोकांना रडवले असेल, तेवढे साऱ्या इंजिनाने रडवले नसेल. आपण घरातला फुलीचा पेचकस लावतो, तो वर सरकतो, पुन्हा लावतो, पुन्हा सरकतो, आणि चौथ्या खेपेला फुलीची वाटी होऊन जाते.

ह्याचे कारण इतिहासात आहे. फुलीचा जो स्क्रू जगभर पसरला, त्याची पेटंटे अमेरिकेत हेन्री फिलिप्स ह्यांना १९३६ साली मिळाली. त्या फुलीच्या भिंती उतरत्या असतात. म्हणून जोर वाढला, की पेचकसाचे टोक आपोआप वर चढते. जपानने आपल्या कारखान्यांसाठी फुलीचे स्वतंत्र माप ठरवले. वरून पाहिले तर दोन्ही सारख्याच, पण कोपरे आणि खोली ह्यांत थोडा फरक. पुढे १९८३ साली मारुती ८०० आली, १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, आणि जपानी घडणीची ही फुली आपल्या गावोगाव पोचली. पेचकस मात्र घरात आधीचाच राहिला. जपानी स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. तो दिसला तर जपानी मापाचा पेचकस आणावा. तो मिळाला नाही, तर निदान टोक योग्य नंबरचे आणि न झिजलेले हवे. एक नंबरचे टोक दोन नंबरच्या फुलीत घालणे म्हणजे बाळाचा हात धरून बैल ओढण्यासारखे आहे.

आणि रीत अशी, की आधी फुलीतला चिखल काडीने कोरून काढावा. पेचकस सरळ उभा धरून त्याच्या मुठीवर एक हलकी टिचकी मारावी. त्याने गंजलेले आटे हादरतात. मग शरीराचा भार खाली द्यावा. चार आणे जोर फिरवण्यात, बारा आणे दाबण्यात. डबीतले ऑइल कमी झाले आहे की नाही, हे तर तिच्या काचेतूनच दिसते, तेव्हा उगाच झाकण उघडू नये. उघडलेच, तर झाकणावर ज्या जातीचे ऑइल लिहिले आहे तेच घालावे. इंजिनऑइल घातले तर आतले रबर फुगून ब्रेकच निकामी होतो.

डिस्कब्रेकच्या खालच्या भागात, म्हणजे कॅलिपरवर, षट्कोनी खड्ड्याचे बोल्ट असतात. त्यांना लागणाऱ्या वाकड्या किल्लीला मिस्त्री एलन की म्हणतात. ही कंपनी अमेरिकेतली आणि नाव तिच्या मालकाचे. पण आता ते साऱ्या जगात किल्लीचेच नाव होऊन बसले आहे. काही कॅलिपरवर पॅड धरणाऱ्या पिनेचे डोके दिसतच नाही. तिच्यावर सपाट खाचेचे एक छोटे बूच असते. आधी ते बूच काढावे लागते, आणि आत षट्कोनी खड्ड्याची खरी पिन सापडते. ज्याला हे माहीत नाही, तो बुचालाच पिन समजून हातोडीने ठोकतो. ते बूच पाण्याला आणि मातीला अडवण्यासाठी आहे. ते हरवले, की पुढच्या रोवणीला पिन गंजून बसलीच.

खड्ड्याच्या बोल्टाचा शत्रू म्हणजे त्यात साचलेली माती. किल्ली वरवर दोन आटे टेकते आणि आपल्याला वाटते की बसली. म्हणून सुईने किंवा बारीक खिळ्याने तळापर्यंत कोरावे, फुंकर न घालता ओल्या कापडाने पुसावे, आणि किल्ली तळाला टेकल्याची खात्री करूनच फिरवावी. चांदणीच्या आकाराचा खड्डा दिसला, तर त्याला टॉर्क्स म्हणतात. ही घडण १९६७ सालची. त्यात एलन की घालून भागवणारे लोक मी पाहिले आहेत. ती सहा कोपऱ्यांवर टेकते, क्षणभर फिरतेही, आणि मग चांदणीच्या पाकळ्या मोडतात.

चांदणीचे किंवा एलनचे जे बोल्ट डिस्कला चाकाशी बांधतात, त्यांना पाहणीसाठी मुळीच सोडवू नये. कारखान्यात त्यांच्या आट्यांवर चिकट द्रव लावून ते पक्के केलेले असतात. तसेच ब्रेकची नळी जिथे कॅलिपरला मिळते, तिथला पोकळ बोल्ट. त्याच्या पोटातून ऑइल वाहते, दोन्ही अंगांना मऊ धातूचे वायसर असतात. तो सोडवला की हवा आत गेली, आणि हवा गेली की लिव्हर स्पंजासारखी दबते. नळीची हवा काढण्याची रीत ज्याला येते, त्यानेच तो उघडावा. पॅड बाहेर काढले असता लिव्हर दाबू नये, नाहीतर आतला पिस्टन बाहेर येतो.

आणखी एक. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींना १२५ सीसीच्या वर एबीएस, आणि त्याखाली निदान दोन्ही ब्रेक जोडणारी व्यवस्था सक्तीची झाली. तेव्हा नव्या गाडीच्या चाकाजवळ एखादी वायर किंवा जास्तीची केबल दिसली, तर ती कोणी नंतर लावलेली नव्हे. चाक ओढून काढण्याआधी ती कुठे जाते ते पाहून घ्यावे. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर जोडताना फार उपयोगी पडतो.

चारचाकीकडे आलो, तर गंमत अशी की इथे अनोळखी बोल्टाऐवजी कधी रिकामे भोक भेटते. मारुतीच्या लहान गाड्यांत मागच्या ड्रमवर आट्यांची दोन भोके असतात, आणि त्यांत काहीच नसते. मालक विचारतो, इथले बोल्ट कोणी चोरले? कोणी चोरले नाहीत. ड्रम गंजून घट्ट बसला, की त्या दोन भोकांत आठ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे आवळावयाचे; ते आतल्या भागाला रेटतात आणि ड्रम आपोआप बाहेर सरकतो. मधला नट आणि त्याची पिन अर्थात आधी काढलेली हवी, आणि हँडब्रेक सोडलेला हवा. हँडब्रेक सोडायचा म्हणून बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावे, आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. हे दोन बोल्ट ज्याला ठाऊक नाहीत, तो घण मारतो आणि ड्रमची कड उडवतो.

ॲलॉय चाकांच्या गाडीत चार नटांपैकी एखादा विचित्र नक्षीचा असतो. तो चोरांसाठी. त्याची जोडकिल्ली वेगळी मिळते. जुनी गाडी नागपुरात विकत घेताना कागदपत्रे सगळे तपासतात; ही जोडकिल्ली मात्र कोणी मागत नाही. मग पंक्चर झाले की हमरस्त्यावर रात्री कळते. गाडी ताब्यात घेतानाच ती मागून घ्यावी आणि स्टेपनीजवळ बांधून ठेवावी.

ज्यांच्याकडे जुनी बुलेट किंवा जीप आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. जुन्या बुलेटवर इंग्रजी इंचाची मापे आहेत. ज्या बोल्टाला पाव इंची व्हिटवर्थ पाना लागतो, त्याच्या डोक्याची रुंदी सुमारे १३.३ मिलिमीटर भरते. तेरा नंबरचा पाना बसत नाही, चौदाचा ढिला होतो. चौदाच्या पान्यानेच त्या गाड्यांच्या बोल्टांचे कोपरे गेलेले आहेत. आणि जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. सोडवावयास जावे तो आणखीच आवळतात. पठ्ठ्याने नळी लावून जोर केला, तर बोल्टच तुटतो. शिक्षकबंधूंना हे वर्गात दाखवावयाचे असेल, तर शाळेत सायकल आहेच. तिचे डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, कारण सरळ आटे असते तर पायडल मारता-मारता ते सैल झाले असते. मुलाच्या हाती पाना द्यावा आणि त्यालाच शोधू द्यावे.

ट्रॅक्टरवाल्यांना सांगावयाचे आहे ते बोल्टाविषयी नव्हे, कडीविषयी. चिखलणी करताना वळण घेता यावे म्हणून दोन ब्रेकपेडले वेगळी ठेवतात. बांधीतून रस्त्यावर येताना मधली कडी घालून ती जोडावीच लागतात. न जोडता भरल्या ट्रॉलीनिशी एकच पेडल दाबले गेले, तर एकच चाक थांबते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. पुष्कळ ट्रॅक्टरांची ही कडी मी हरवलेली पाहिली आहे. नव्या ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात; ते घरी उघडण्याचे काम नव्हे. जुन्या जीपच्या आणि ट्रकच्या लायनरला मात्र पितळेच्या किंवा तांब्याच्या रिबिटी असतात. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या कारागिरांना रिबीट काही नवी नाही. लायनर झिजून रिबिटीचे डोके वर येऊ लागले, तर ते ड्रमला चरे पाडते. पितळ मऊ म्हणून चरे उशिरा पडतात, पण पडतात.

आता जाम झालेल्या बोल्टाचे. बारा कोनांच्या गोटीपेक्षा सहा कोनांची गोटी घ्यावी. बारा कोनांची गोटी केवळ कोपऱ्यांवर टेकते, सहाची बाजूंवरही टेकते. डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल काडीच्या टोकाने, थेंब-थेंब, फक्त आट्यांवर सोडावे आणि रात्रभर राहू द्यावे. लायनरला, पॅडला किंवा डिस्कला त्याचा स्पर्श झाला, तर ब्रेक लागावयाचा बंद होतो. लायनर तेलाने भिजला तर तो धुवून उपयोग नाही, बदलावा. बोल्ट तापवण्याचा मोह बहुतेकांना होतो. तिथे टायर आहे, रबरी सील आहे, नायलॉनचे कडे आहे, म्हणून घरी ज्योत लावू नये. कोपरे पुरते गेलेच असतील, तर वेल्डरकडून त्याच्यावर नवा नट जोडून घेणे सर्वांत बरे. बॅटरीची वायर मात्र त्याआधी काढून ठेवावी.

चाकाच्या आतली धूळ तोंडाने फुंकू नये, हवेच्या पाइपने तर नाहीच. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची बारीक तुसे फुप्फुसात जाऊन बसतात. तीस-तीस वर्षांनी त्यांचा आजार दिसतो. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके घरच्या धुण्यात टाकू नये.

सगळे जोडून झाले, की आधी काढलेल्या वस्तू मोजाव्यात. थाळीत एक जरी वायसर उरला असेल, तर चाक पुन्हा उतरवावे लागेल. मग पेडलची ढील पाहावी. लहान मोटरसायकलींत ती साधारण २० ते ३० मिलिमीटर असते, आपल्या गाडीचे माप पुस्तिकेत मिळेल. डिस्कब्रेक असेल तर गाडी हलवण्याआधीच लिव्हर चार-पाच वेळा दाबून ती कठीण लागेपर्यंत थांबावे, कारण पॅड पुन्हा बसवल्यावर पहिल्या दाबाला काहीच लागत नाही. त्यानंतर अंगणातच, पायी चालण्याच्या वेगाने, एकट्यानेच गाडी चालवून दोन्ही ब्रेक निरनिराळे लावून पाहावेत. चार-पाच किलोमीटर जाऊन आल्यावर पाना पुन्हा एकदा सगळ्या नटांवर फिरवावा, आणि खाली वाकून त्या पिनेचे दोन्ही पाय नीट वळवलेले आहेत ना, तेवढे पाहून घ्यावे.